जागेवर बसून काढलेली खाडी

मला निळ्या रंगाचा वीट आला आहे. चित्रकलेच्या शिक्षकानं असं म्हणू नये, पण ट्यूबमधून तो कोबाल्ट निळा बाहेर आला की अजूनही माझ्या तोंडाला कडवट चव येते. आभाळासाठी वापरला तर एक वेळ चालतं. पाण्यासाठी मी तो इतका वापरलाय की कुणाच्या दिवाणखान्यात निळं पाणी आणि त्यावर पांढऱ्या शिडाची होडी दिसली, की मी खुर्ची फिरवून बसतो. यजमानांना वाटतं, मास्तरांना पंख्याचा वारा सोसत नाही.

ऐंशी सालच्या आसपास आणि त्यानंतर बरीच वर्षं मी पालघरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. आठवडाभर मुलांकडून तांब्या, पेला आणि लिंबू काढून घ्यायचं. रविवारी सकाळी बोर्ड दोरीनं बांधायचा, शबनम खांद्याला अडकवायची आणि निघायचं. कधी सायकलनं मनोरच्या अंगाला, कधी शटलनं बोईसरला उतरून तिथून पायी. उघड्यावर बसून मी निसर्गचित्रं काढायचो. समोर जे असेल ते, एका बैठकीत, आणि घरी आल्यावर त्याला परत हात लावायचा नाही.

ही शिस्त मला माझ्या गुरुजींनी लावली होती. त्यांचा एक हट्टाचा नियम होता: ज्या जागेचं चित्र, रंग कालवायला त्याच जागेचं पाणी. घरून बाटली न्यायची नाही. विहिरीपाशी बसलात तर विहिरीचं, ओहोळापाशी बसलात तर ओहोळाचं. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं. ते म्हणायचे, पाणी मागायला गेलात की तिथल्या माणसाशी बोलावं लागतं, आणि एकदा बोललात की त्याच्या घरादाराचं खोटं चित्र काढायला हात धजत नाही.

हा नियम मी मनापासून पाळला. डोंगराकडच्या पाड्यांवर पाणी मागायला गेलो की आधी माझी ओळख मोजणीवाला अशीच व्हायची. हातात बोर्ड, एक डोळा मिटून पेन्सिलीनं माप घेणारा माणूस, दुसरा कोण असणार? एका म्हाताऱ्यानं मला शेजारी बसवून घेतलं आणि समजावलं, "आमची वरई त्या दोन तुकड्यांतच हाय. जास्त लिवू नको." मग मी त्याला चित्र दाखवलं. ते त्यानं बराच वेळ पाहिलं आणि नाराजीनं म्हणाला, "माजा घर बारका काढलास." त्याचं बरोबर होतं. मागच्या डोंगराच्या नादात घर खरंच बारकं झालं होतं. घरी जाऊन दुरुस्त करायचं नाही असा नियम असल्यामुळे पुढच्या रविवारी परत गेलो आणि नव्यानं काढलं. त्या दिवसांतल्या माझ्याबद्दल मला अजून थोडी आपुलकी वाटते. नंतरच्या माझ्याबद्दल वाटत नाही.

चित्रं विकायला लागलो ती बोईसरमुळे. तारापूरचे कारखाने वाढत होते. सरावलीला, सालवडला भराभर ब्लॉक उठत होते आणि त्यांत बाहेरून आलेली पगारदार माणसं राहायला येत होती. भिंती नव्या, रिकाम्या. कॅलेंडर लावायला त्यांना कमीपणा वाटायचा आणि मुंबईच्या गॅलरीतलं चित्र परवडायचं नाही. मी दिवाळीच्या आधी तिथल्या एका हॉलमध्ये दोऱ्या बांधून चित्रं टांगायचो. किंमत एखाद्या बऱ्या साडीहून कमी. हातानं काढलेलं, एकुलतं एक, आणि खिशाला परवडणारं, म्हणून लोक येऊ लागले.

त्या गिऱ्हाइकांची आठवण काढली की अजून डोकं फिरतं. एकजण बोट जिभेला लावून ते चित्राच्या कोपऱ्यावर घासायचा. रंग बोटाला आला की खूश, म्हणजे छापील नाही. एक बाई सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आल्या आणि प्रत्येक चित्राला तो लावून पाहत दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. एकाला माझी पानगळीतली सावर आवडली होती, पण झाड वठल्यासारखं दिसतं, घरात अशुभ, तर चार पानं घालून देता का, असं त्यानं विचारलं. मी दिली. हे सांगताना लाज वाटते, पण चार पानं मी तिथेच, हॉलमध्ये, चहाच्या कपातलं पाणी घेऊन काढून दिली. गुरुजींचा नियम पहिल्यांदा मोडला तो तिथे, खाडीवर नव्हे.

आणि तरी मी माझा एक शिक्का करून घेतला होता. चित्राच्या पाठीवर तो उमटवायचो: 'मूळ चित्र. जागेवर बसून काढले.' खाली जागेचं नाव, तारीख आणि वेळ हातानं लिहायचो. गिऱ्हाईक चित्र पाहण्याआधी उलटून तो शिक्का वाचायचं. पुढे पुढे तर मला वाटतं, ते शिक्काच विकत घ्यायचे आणि चित्र वर फुकट न्यायचे.

खाडीवर मी पहिल्यांदा गेलो तो असाच एका रविवारी. कुंभवलीच्या पलीकडून रस्ता धरला, दोन-तीन ठिकाणी विचारलं, आणि एका मच्छीमार वस्तीपाशी पोचलो. ऊन तापलं होतं. कडेच्या घरातल्या एका बाईनं मला उभा पाहून पडवीत बोलावलं आणि चटई टाकली. पन्नाशीची असेल, काटक, तोंडात तंबाखू. मी तिला मावशी म्हणायला लागलो आणि ती मला मास्तर. तिथून खाडीचं वळण छान दिसायचं. दोन होड्या, जाळं वाळत घातलेलं, पाण्यात रोवलेले खुंट, पलीकडे तिवरांच्या झाडांची ओळ. मी डबा घेऊन पाणी आणायला खाली उतरलो आणि थांबलो.

पाणी तांबडं होतं. गढूळ नव्हे, गढूळ पाणी मला माहीत आहे, त्यात माती असते आणि ती खाली बसते. हे काही खाली बसत नव्हतं. काठाला पिवळट फेस साचला होता आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास होता. पाय बुडाला तिथे पोटरीला खाज सुटली. तरी नियम म्हणजे नियम, मी डबा भरला. ब्रश बुडवला, करडा रंग कालवला आणि तो प्लेटमध्ये फाटलेल्या दुधासारखा झाला. आभाळाचा पहिला हात दिला तर कागदावर चट्टे उठले. दोन तासांनी ब्रशचे केस कडक झाले होते. मावशी बाजूला बसून पाहत होती. म्हणाली, "त्या पान्यान आमी जालं टाकतो. जालं पन असाच होते."

मग तिनं सांगितलं. कारखान्यांच्या बाजूनं नाला येतो, तो वरच्या अंगाला खाडीत मिळतो. पूर्वी भरतीला बोय मासळी यायची, कोळंबी यायची. ओहोटीला ती आणि तिच्या जावा कालवं फोडायला जायच्या आणि टोपली बाजारात हातोहात खपायची. आता कालवांना वास येतो. गिऱ्हाईक नाकाला लावून परत ठेवतं. काही सकाळी मेलेली बोय काठाला लागलेली दिसते, ती कुत्रीही खात नाहीत. तिची तक्रार सोपी होती. नाला कुणाचा, कायदा काय, हे तिला कुणी समजावलेलं नव्हतं आणि ती ते विचारतही नव्हती. तिचं एवढंच म्हणणं होतं की कारखान्याच्या एखाद्या साहेबानं एकदा इथे येऊन पाणी डोळ्यांनी बघावं. बघितल्यावर तो काहीतरी करेलच, अशी तिची खात्री होती. दोनदा त्या बायका जाऊन आल्या होत्या. गेटावरूनच परत पाठवलं होतं.

ते चट्टे पडलेलं चित्र मी फेकलं नाही. उलट पुढच्या रविवारी जाऊन, मावशीच्या घरातलं पाणी मागून घेऊन, तांबडी खाडी नीट काढली, फेसासकट. माझ्या मते ते माझं सगळ्यात चांगलं चित्र. दिवाळीच्या प्रदर्शनात मी ते मधोमध टांगलं. लोक त्याच्यापाशी यायचे, जरा थांबायचे आणि पुढच्या निळ्या विहिरीकडे जायचे. एकानं विचारलं, "संध्याकाळ आहे का?" मी म्हटलं, सकाळचे दहा. त्यानं मान हलवली आणि बायकोचा हात धरून निघून गेला.

तिसऱ्या दिवशी एका कारखान्याचे मोठे अधिकारी आले. सभ्य माणूस, मऊ बोलणं, चित्रांची खरी आवड. त्यांनी ती तांबडी खाडी खूप वेळ पाहिली. मला वाटलं, हा माणूस घेणार. म्हणाले, "मास्तर, काय सुंदर वळण पकडलंय. मला हीच खाडी हवी, माझ्या केबिनसाठी, मोठ्या आकारात. फक्त पाणी असं नको. आमच्याकडे पाहुणे येतात." मी म्हटलं, पाणी असंच आहे, साहेब. ते हसले. "तुम्ही कलाकार. तुम्हाला कुठे कॅमेऱ्याचं बंधन आहे?"

मी हो म्हणालो. पोटाचा प्रश्न होता असं म्हणायची सोय नाही. माझा पगार दर महिन्याला होत होता. मला त्या केबिनची भिंत हवी होती. इतकं मोठं चित्र माझ्याकडून आजवर कुणी मागितलं नव्हतं.

त्या रविवारी मी घरून नळाचं पाणी बाटलीत भरून नेलं. पडवीत त्याच चटईवर बसलो. समोर तांबडं पाणी, नाकाला रुमाल, आणि कागदावर मी स्वच्छ कोबाल्ट पसरतोय, त्यात आभाळाचं प्रतिबिंब, खुंटांच्या हलत्या सावल्या. चित्र फार झकास झालं. हेच मला सर्वांत किळसवाणं वाटतं, की ते झकास झालं. मावशी चहा घेऊन आली, वाकून पाहिलं आणि तोंडावर पदर धरून हसली.

"मास्तर, ह्या कुटचा पानी काढला?"

"चित्रातलं," मी म्हणालो.

"आमच्या सासूच्या टायमाला असा व्हता," ती म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला. चहा पीत मी पाठीवर शिक्का मारला. जागा लिहिली, तारीख लिहिली, वेळ लिहिली. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

पुढच्या दिवाळीला त्याच अधिकाऱ्यांनी मला दहा लहान चित्रं सांगितली. कारखान्याच्या बड्या पाहुण्यांना भेट द्यायला मिठाईपेक्षा मूळ चित्र बरं, अशी त्यांची कल्पना. सगळी खाडीचीच, सगळी निळी. ती मी पडवीत बसूनही काढली नाहीत. घरच्या टेबलावर एकावरून एक उतरवली आणि दहाही पाठींवर शिक्का मारला. ती कागदात गुंडाळून केबिनमध्ये गेलो. साहेबांनी बसवलं, चहा सांगितला. त्यांच्या पाठीमागे माझी मोठी खाडी काचेच्या फ्रेममध्ये लटकत होती. तेवढ्यात शिपाई सांगत आला की वस्तीवरच्या बायका पुन्हा आल्यात आणि या वेळी हलायला तयार नाहीत.

"येऊ दे," साहेब म्हणाले. "बोलल्यानं माणसं शांत होतात."

चौघी आत आल्या. सर्वांत पुढे मावशी होती. तिच्या हातात खाडीच्या पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा कॅन, दुसरीच्या हातात पानात गुंडाळलेली मेलेली बोय. केबिनच्या थंड हवेत तो वास झटकन पसरला. मावशीनं मला पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ओळखीचा माणूस आत बसलाय, आता काम होणार, असं तिला वाटलं असावं. साहेबांनी त्यांनाही बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"सायेब, एकदा येवून बगा," मावशी म्हणाली. "आमी दुसरा काय मागत नाय."

साहेबांनी कॅनकडे पाहिलं. "मावशी, कॅनमधलं पाणी कुठलंही असू शकतं. मासा कुठेही मरू शकतो." मग त्यांनी खुर्ची वळवली. "ही तुमचीच खाडी ना?"

बायका पुढे झाल्या. सगळ्यांत तरुण होती तिनं बोट दाखवलं, "तो बग आपला खुंट. आन् ती आबाची होडी." त्या एकमेकींना दाखवू लागल्या. आपलं घर, आपली होडी एवढ्या मोठ्या माणसाच्या भिंतीवर आहे, याचा त्यांना क्षणभर आनंदच झाला. मला तिथे बसवेना. साहेबांनी शिपायाला चित्र उतरवायला लावलं, उलटं केलं आणि माझा शिक्का मोठ्यानं वाचला. जागा, तारीख, वेळ.

"हे काही माझ्या माणसानं काढलेलं नाही," ते म्हणाले. "हे मास्तर शाळेत शिकवतात. त्यांनी दिवसभर तिथे बसून काढलंय. काय मास्तर, तिथेच बसून काढलंत ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. पाणी मी मनानं निळं केलं, एवढंच. पण मांडीवर दहा चित्रं होती आणि दहांच्या पाठीवर तोच शिक्का. हे वाक्य बोललो असतो तर बोईसरमधल्या कितीतरी भिंतींवरची माझी चित्रं एका क्षणात खोटी पडली असती. चहावर साय धरली होती. मी त्या सायीकडे पाहत म्हणालो, "हो. तिथेच बसून."

"पानी असा नाय," ती तरुण बाई म्हणाली.

"मग मास्तर खोटं काढतात?" साहेबांनी विचारलं.

मग मावशी बोलली. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण माझ्यावर खोटेपणाचा आळ येतोय असं तिला वाटलं, आणि तिला ते सहन झालं नाही. "मास्तर खोटा नाय बोलत," ती म्हणाली. "बसले व्हते. माज्याच पडवीत. चटई मीच दिली."

"झालं तर," साहेब म्हणाले. "खाडी मी रोजच बघतो. तिथे यायची गरज काय?" त्यांनी घंटी वाजवली.

मी बाहेर पडलो तेव्हा त्या गेटापाशी उभ्या होत्या. कॅन रिकामा करून घरी न्यावा म्हणून मावशी कडेच्या हिरवळीवर वाकली, तसा वॉचमन धावत आला. "यहाँ मत डालो, घास जल जाएगी." तिनं कॅन परत उचलला. मला पाहून ती जवळ आली. रागानं नव्हे, नीट समजून घ्यावं तशी म्हणाली, "मास्तर, तुमी तांबडा पानी बगितला ना?"

"बघितलं."

"मंग सायबाला सांगा ना. आमी हितंच थांबतो."

मी म्हणालो, साहेब मीटिंगला गेलेत, पुढच्या खेपेला नक्की सांगतो. साहेब कुठेही गेले नव्हते. त्या भरलेला कॅन घेऊन उन्हातून चालत गेल्या आणि मी रिक्षा केली.

पुढच्या खेपेला मी सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या दिवाळीला त्यांनी पंचवीस चित्रं मागितली. तीही मी दिली. खाडीकडे मात्र पुन्हा गेलो नाही. काही वर्षांनी साहेब बदलून गेले, मी प्रदर्शन बंद केलं आणि लोकांना सांगितलं की डोळे साथ देत नाहीत.

मावशी मला नव्वदनंतर कधीतरी बोईसरच्या बाजारात दिसली. सातपाटीहून विकत आणलेले मासे घेऊन बसली होती. खाडीत आता काही उरलं नाही, म्हणाली. मी बोंबील घेतले आणि उभाच राहिलो. इतकी वर्षं घोकलेलं वाक्य कसंबसं बाहेर आलं. "मावशी, त्या दिवशी मी साहेबांना खरं सांगायला हवं होतं."

ती बोंबील कागदात बांधत होती. "सांगितला आसता तर सायेब बगायला आला आसता?"

मी खूप विचार केला. नसता आला, असं खोटं बोलायची आणखी एक संधी होती, आणि ते दोघांनाही सोपं गेलं असतं.

"आला असता बहुतेक," मी म्हणालो. "तुमच्यासमोर मी सांगितलं असतं तर त्यांना टाळता आलं नसतं."

तिनं पुडी माझ्या हातात दिली. "मंग सांगायचा व्हता," ती म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारलं.